मिठाचा वास

टाकीच्या काचेच्या वरच्या कडेवर मिठाची एक खपली धरली होती, फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी, पण नखाएवढीच. आणि ती खरवडून काढावी की राहू द्यावी याचा विचार करत कोदै हातातली खारेपणा मोजायची नळी तशीच धरून उभी होती. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं… कॉलेजच्या प्रयोगशाळेत हे वाक्य ती एकोणीस वर्षं दर जूनला नव्या मुलींना सांगत आली होती, इतक्या वेळा की त्यात आता अर्थ उरला नव्हता, नुसता ठेका उरला होता. आज ते काचेवर येऊन बसलं होतं.

तिने नळी पुन्हा खिडकीकडे धरली. वर निळं, खाली पांढरं, आणि मधली रेघ अडतीस आणि एकोणचाळीसच्या बरोबर मध्ये. पस्तीस हवी. मी दोनदा मोजलं, नळी धुऊन तिसऱ्यांदा मोजलं, आता चौथ्यांदा मोजून रेघ हलणार नाही हे मला माहीत आहे, तरी मोजते आहे, कारण मोजत असेपर्यंत कुणाशी काही बोलावं लागत नाही.

लिंबू रात्रीतून गेला होता. लिंबू म्हणजे टाकीतल्या दोन पिवळ्या माशांतला मोठा. नाव अप्पांनी ठेवलेलं. टाकी आणि भिंत यांच्यामधल्या फटीत तो त्यांना पहाटे सापडला, वाळून वाकलेला, आंब्याच्या सालीच्या तुकड्यासारखा. ऐंशी वर्षांत ज्यांनी माशाला हात लावला नव्हता, ही टाकी घरात आली तेव्हा चार दिवस हॉलमधून जाताना ज्यांनी उपरणं नाकाला लावलं होतं, त्या तिच्या वडिलांनी तो केळीच्या पानाच्या तुकड्यावर उचलला, मागच्या अंगणात कढीपत्त्याच्या झाडाखाली पुरला, आंघोळ केली, कपाळावर गंधाचा नाम ओढला आणि मग तिला उठवलं.

"झाकण टाक," ते म्हणाले. "मोकळं ठेवलंस म्हणून गेला."

तिचा नवरा शेषाद्री दाढी करता करता बाहेर आला होता, गालाला फेस. "आत्महत्या असणार. रोज पहाटे मामांची स्तोत्रं ऐकून कंटाळला बिचारा."

"जावईबापू, तुम्ही एकवीस वर्षं मला सोसताय. तुम्ही नाही मारली उडी."

"माझ्यावर झाकण आहे ना, मामा," शेषाद्री तिच्याकडे बघत म्हणाला, आणि अप्पा हसले, आणि तीही हसली. मग तो जाता जाता म्हणाला की काचवाल्याला उद्या सकाळी बोलावतो, माप घेऊन जाईल, वरून पुरती काच बसवून टाकू. पाणी उडायला नको, रोज भरायला नको, माशाला पळायला नको.

उद्या सकाळी. म्हणजे आजचा दिवस आहे.

रोज चार लिटर उडतं. कत्तिरीच्या, ऐन मे महिन्याच्या उन्हात, पाण्यावर पंखा सोडलेला असताना, चार. तेवढंच गोडं पाणी रोज भरायचं, काचेवरच्या लाल पट्टीपर्यंत, कारण उडतं ते फक्त पाणी. हे काम अप्पांचं. कुणी दिलेलं नाही, त्यांनी घेतलेलं. आई गेल्यावर ते इथे राहायला आले, महिनाभर हात मांडीवर ठेवून बसून राहिले, आणि एके दिवशी लाल पट्टीकडे बोट दाखवून म्हणाले, हे खाली गेलंय. तेव्हापासून संध्याकाळी पाचला चरवी हातात. पितळेची चालत नाही, त्यातलं तांबं टाकीतल्या प्रवाळांना मारतं, हे सांगून तिने स्टीलची दिली होती तेव्हा दोन दिवस अबोला होता.

स्वयंपाकघरामागे दोन कॅन, वीस-वीस लिटरचे, सारखेच निळे. एकात गोडं पाणी. दुसऱ्यात समुद्राचं मीठ कालवलेलं, महिन्याकाठी टाकीतलं थोडं पाणी बदलायला. चिठ्ठ्या तिने लावल्या होत्या. ओलीने सुटल्या. चिठ्ठ्या कशाला, नाक आहे की, अप्पा म्हणाले होते.

आज खारा कॅन रिकामा होता आणि गोडा तोंडापर्यंत भरलेला.

चार लिटर, पाच दिवस, वीस लिटर. लिटरला पस्तीस ग्रॅम, म्हणजे सातशे ग्रॅम मीठ, दोनशे लिटरच्या टाकीत… साडेतीन. पस्तीस आणि साडेतीन. आयुष्यात फार कमी उत्तरं तिला इतकी चोख मिळाली होती. मंगळवारपासून. मंगळवारी काय झालं होतं? काहीच नाही. गुरुवारी तपकिरी प्रवाळाने आपले तंतू आत ओढून घेतले होते आणि ती म्हणाली होती, ऊन.

देवळाच्या स्वयंपाकघरात चाखायची मुभा नव्हती. देवाच्या आधी कुणाच्या जिभेला लागलं तर सगळं उष्टं. अप्पांनी एक्केचाळीस वर्षं तिथे चिंचेचा भात पुळियोदरै आणि गुळाचं चक्करैपोंगल केलं, हंडेच्या हंडे, आणि मीठ वाफेवर ओळखलं. वास घेणंही बरं नाही असं एक म्हातारे भट म्हणायचे, तर अप्पा म्हणायचे, मी घेत नाही, वाफच घेऊन येते, तिला मी काय करू. हंड्यापासून दीड हात लांब उभे राहायचे, डोळे मिटायचे, आणि म्हणायचे, "अर्धी मूठ." कधी चुकलं नाही. कॉलेजच्या पहिल्या वर्षात असताना ती त्यांना म्हणाली होती, "मिठाला वास नसतो, अप्पा. ते उडतच नाही, तर नाकापर्यंत येईल कसं?"

"तुझ्या मिठाला नसेल," ते म्हणाले होते. "माझ्या मिठाला आहे."

तीस वर्षं झाली. तिने तो वाद पुढे कधी काढला नाही, कारण पुस्तक तिच्या बाजूने होतं आणि जेवण त्यांच्या.

आणि दिवाळीपासून ती काय करते आहे? जेवायला बसायच्या आधी पाणी ठेवायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जाते आणि अप्पांनी केलेल्या सांबारात मिठाची चिमूट टाकते. कधी उलट, जास्त पडलेलं असतं तेव्हा बटाटा, किंवा भाताचा गोळा. अप्पा तेव्हा हात धुवायला गेलेले असतात. शेषाद्रीला माहीत नाही. एकदाच तो म्हणाला होता, मामांचा हात पूर्वीसारखाच आहे हं अजून, आणि तिला बक्षीस मिळाल्यासारखं वाटलं होतं, चोरून.

पण मासा मिठामुळेच उडाला हे कशावरून? एकच घटना. एका घटनेवरून निष्कर्ष काढणाऱ्या मुलीची वही तिने परत केली असती. ही जात तशीही उडते. सेल्वम्‌ने कोळत्तूरच्या दुकानात मासे पिशवीत घालतानाच सांगितलं होतं, "अक्का, हा उडाणटप्पू आहे, जाळी घेऊन जा," आणि चौकट मारलेली जाळी बरोबर दिली होती. ती जाळी सहा महिने कपाटामागे उभी आहे. का? तर तिला वरून बघायला आवडतं. काचेतून दिसतं ते चित्र. वरून दिसतं ते पाणी, पंख्याने थरथरणारं, छतावर उजेडाची जाळी विणणारं. अप्पांनाही वरूनच आवडतं. चरवी कलती करून पाणी सोडताना ते वाकतात, आणि दोन्ही लिंबू वर येतात… यायचे. म्हणजे मोकळं ठेवलंस म्हणून गेला, हेही खरंच. त्यांची चूक त्यांना माहीत नाही, माझी मला माहीत होती, आणि त्यांनी फक्त माझी सांगितली.

तिने कपाटामागून जाळी काढली, धूळ पुसली, टाकीवर अर्धी सरकवली. बरोबर बसली. जाळीतून पाणी उडेल, पंख्याची हवा लागेल, राहिलेला धाकटा लिंबू वाचेल. आणि पाच वाजता अप्पा येतील, जाळी बाजूला करतील, आणि दोन कॅनमधला एक उघडतील. जाळी माशाला अडवेल. चरवीला अडवणार नाही.

काच अडवेल. काच टाकली की पाणी उडणंच जवळजवळ थांबेल, लाल पट्टी जागेवर राहील, काम आपोआप संपेल. कुणी कुणाला काही सांगायला नको. दोष झाकण नसण्याचा होता, झाकण आलं, झालं. एका काचेखाली सगळंच झाकलं जाईल, मासा, मीठ, मंगळवार…

सेल्वम् फोनवर म्हणाला, "काच नको हं अक्का. या उन्हात आत रसम शिजेल. प्रवाळ आठ दिवसांत पांढरे पडतील."

"माहीत आहे."

"मग विचारता कशाला?"

खरंच, कशाला.

जेवताना रसम अळणी होतं. आज तिने मुद्दाम हात लावला नव्हता. असं काही ठरवलं नव्हतं तिने, फक्त उठली नव्हती. शेषाद्रीने एक घोट घेतला, तिच्याकडे पाहिलं. आणि मग तिला दिसलं की तिघांच्याही पानाच्या कोपऱ्यात, लोणच्याच्या शेजारी, मिठाची एक एक चिमूट वाढलेली आहे. या घरात पानात मीठ कधी वाढलं जात नसे. आईने एकदा वाढलं होतं तर अप्पा न जेवता उठले होते.

"हे काय, मामा? आज मीठ वेगळं?"

"लागलं तर असावं," अप्पा म्हणाले, आणि ताकाचं भांडं पुढे केलं.

दुपारी अप्पा आडवे झाले तेव्हा तिने टाकीतलं दोन लिटर पाणी काढून दोन लिटर गोडं घातलं, हळूहळू, धारेने. एकदम खाली आणलं तर तेही मरण. नऊ-दहा दिवस लागतील पस्तीसवर यायला. मग मीठ मोजून रिकामा कॅन पुन्हा कालवला, झाकण लावलं आणि गोड्याच्या शेजारी होता तसा ठेवला. हात पुसताना तिच्या लक्षात आलं की आपण पुरावा मिटवला आहे. आणि त्याहून वाईट, सकाळी एक रिकामा होता तोवर चुकायला जागाच नव्हती. आता दोन्ही भरलेले आहेत, सारखेच निळे. चिठ्ठी लावता आली असती. पेन टेबलावर होतं. चिठ्ठी लावली की ते विचारतील, चिठ्ठी कशाला.

देवळात नैवेद्य नेताना हंड्यावर केळीचं पान घालत. लहानपणी तिने विचारलं होतं, देवापासून काय लपवता? अप्पा म्हणाले होते, लपवत नाही गं, जपतो. हे तिला आज का आठवावं… आणि आठवूनही उपयोग काय, कारण आपण दोन्हींपैकी काय करतो आहोत हे पानाला कळत नसतं, हाताला कळायला हवं.

पाचला समुद्राकडून वारा सुटला. अप्पा आले, चरवी दोन्ही हातांनी धरून. टाकीपाशी थांबले, अर्ध्या सरकवलेल्या जाळीकडे पाहिलं. धाकटा लिंबू काचेच्या कडेने वर आला, उघड्या अर्ध्यात.

"हे अर्धंच का?"

"ठरत नाहीये."

"हं," ते म्हणाले. त्यांनी पाणी ओतलं नाही. चरवी तिच्यासमोर धरली. "जरा वास घेऊन बघ."

"का?"

"सर्दी झालीय मला."

कत्तिरीत सर्दी. तिने त्यांच्याकडे पाहिलं. नाक कोरडं, डोळे स्वच्छ. दिवसभर ती त्यांच्यासाठी झाकणं शोधत होती, मापं घेत होती. आणि ते स्वतःच एक घेऊन आले होते, सर्दीचं, इवलंसं, आणि त्याची कड उचलून धरून उभे होते.

तिने चरवीला हात लावला. त्यांनी सोडली नाही. ती वाकली, आणि डोळे मिटले, ते मिटायचे तसे. स्टीलचा गारवा. पंख्याची घरघर. कुठून तरी जळलेल्या फोडणीची पुसट आठवण. बोट बुडवलं तर कळेल. नळी टेबलावर आहे, एक थेंब पुरे. दोन्ही करता येईल, आत्ता, किंवा जरा वेळाने.

"मलाही नाही येत, अप्पा," ती म्हणाली.

खाली पाणी लाल पट्टीच्या बोटभर खाली थरथरत होतं, आणि चरवी दोघांच्या चार हातांत होती. जड होती, पण सकाळपासून जे जड होतं ते आता एकट्या तिच्याच मनगटात नव्हतं.