मालतीचा उजवा डोळा

“ह्या महिन्याक रवांदे गे आई. माका रजा नाय गावली,” अविनाश बूट चढवता चढवता म्हणाला. “चार वर्षां डोळ्यात सुया टोचून घेतंस. बरो खंय झालो?”

“बरो होवचो नाय, ह्यां डॉक्टरान आधीच सांगलां. पण आसा तितको तरी रवता मरे!” मालतीने पिशवी खांद्याला लावली. “गेल्या गणपतीच्या चवतीक असांच रवलंय. डोळ्यातली शीर चवत बघता? फुटली, आणि पेपरातली बारीक अक्षरां गेली ती गेलीच.”

धारगळात मालतीने तीसेक वर्षं ब्लाऊज शिवले. एक दिवस सरळ टीप डाव्या डोळ्याला वाकडी दिसू लागली. मोतीबिंदू असेल म्हणून ती थांबली, आणि तो डोळा गेला. डोळ्याच्या पडद्याखाली नको त्या रक्तवाहिन्या वाढल्यात हे कळेपर्यंत उजव्यातही तेच सुरू झालं होतं. दर महिन्याच्या इंजेक्शनावर हा टिकून होता, आणि हा मात्र ती सोडणार नव्हती.

मुलगा कामावर गेला आणि ती एकटीच म्हापशाच्या बसमध्ये चढली.

“सोबत कोण आहे?” दवाखान्यात सिस्टरने विचारलं.

“झील. चाय पिऊक गेलो,” मालतीने बेधडक ठोकून दिलं.

पापण्यांना चिमटा लागला. सुई आत शिरली तेव्हा तिने पदराचा बोळा मुठीत आवळला, हूं की चूं केलं नाही. मग बघत्या डोळ्यावर पट्टी बसली. डाव्यात मधोमध काळा डाग, कडेला थोडा उजेड.

“मुलगा कुठाय, आजी?” सिस्टरने विचारलं.

“येवक नाय. तो येवचो नाय म्हणान मी डोळो घालवू?”

सिस्टरने केसपेपरवरचा नंबर बघून अविनाशला फोन लावला आणि मालतीला हाताला धरून बसमध्ये बसवलं.

धारगळचा थांबा हायवेच्या रुंदीकरणात कधीच मोडला होता. कंडक्टरने तिला खडीवर उतरवलं. ट्रक अंगाला घासल्यासारखे जात होते.

“आई!” अविनाश काम टाकून धावत आला होता. “ट्रकाखाली गावली असतंस तर?”

“पुढच्या महिन्यात परत जावचां आसा. तू येतलंस तर ये. नायतर मी जातलंय.”

रस्ता ओलांडायला त्याने तिचं मनगट धरून ओढलं. तिने ते सोडवून घेतलं.

“वडू नको. कोपर दी. आणि गाडी येता काय तां सांग.”

अविनाश कोपर पुढे करून दोन्हीकडे बघत सांगत राहिला. कधी निघायचं ते मालतीने ठरवलं.