शाबासकीचं मूळ

माझे बाबा सुतार. कौतुकाच्या बाबतीत त्यांचा हात इतका आखडता की लहानपणी ते मला एकदा 'बरी आहेस' म्हणाले, तर मी आठवडाभर हवेत होते. आणि माझा नवरा कॉलेजात शब्दांची मुळं शिकवतो. ही सोयरीक मीच जुळवलेली, त्यामुळे तक्रार कोणाकडे करणार? आपलेच दात नि आपलेच ओठ.

लग्नानंतर नवऱ्याच्या डोक्यात सुतारकाम शिकायचं खूळ शिरलं. खरं तर त्याला सासऱ्यांची शाबासकी हवी होती. त्याचे स्वतःचे वडील फार लवकर गेले. सुट्टीच्या दिवशी तो बाबांच्या कारखान्यात रंधा मारायचा आणि बोटं सोलून घरी यायचा. एकदा फळी सरळ निघाली आणि बाबा चक्क 'शाबास' म्हणाले. एवढ्यावर गप्प बसावं की नाही? पण हा शब्द फारसी 'शाद बाश'वरून आला, मूळ अर्थ 'आनंदी राहा', म्हणजे त्यात कामाचं कौतुक नाहीच, असं यानं त्यांना समजावून सांगितलं. पुढच्या खेपेला बाबा 'भले' म्हणाले, तर त्याखालून संस्कृतातलं 'भद्र' निघालं. 'फर्मास' म्हटलं, तर ती म्हणे फर्मावून करवून घेतलेली वस्तू. मी काही फर्मावलं नव्हतं, असं म्हणून बाबांनी शब्द परत घेतला आणि तोंडाला कुलूपच लावलं.

नवरा घरी येऊन विचारायचा, "बाबा माझ्यावर रागावलेत का गं?" माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची, आणि त्याची कीवही यायची.

शेवटी त्यानं एकट्यानं एक स्टूल केलं. बाबांनी ते उलटं करून सांधे अंगठ्यानं चाचपले, मग वर बसून मागेपुढे झुलून पाहिलं. स्टूल कुरकुरलं नाही. नवऱ्याचा जीव टांगणीला लागला होता.

"जावईबापू," बाबा म्हणाले, "कौतुकाचा असा एखादा शब्द सांगा, ज्याचं मूळ तुम्हाला ठाऊक नाही."

'मला ठाऊक नाही' हे वाक्य लग्नापासून मी त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. बिचाऱ्याला घाम फुटला.

"झकास," तो शेवटी म्हणाला. "त्याचं नक्की मला सांगता येणार नाही."

"मग हे स्टूल झकास झालंय."

नवऱ्याचं तोंड सवयीनं उघडलं आणि तसंच मिटलं. तो खाली बसून भुसा गोळा करू लागला. डोळे पुसायचे होते, दुसरं काय. मीही पुसले.