मांडीपर्यंत

बसच्या ड्रायव्हरच्या टाचेवरचा काळा डाग त्वचेचा कॅन्सर निघाला. आयुष्यात ऊन न पाहिलेली ती जागा, पण रोगाला कुठे वाट विचारावी लागते? डाग कापून काढला. तो आणखी कुठे पसरलाय का, हे बघायला पेट स्कॅन केला. शिरेतून औषध सोडतात आणि जिथे कॅन्सर असेल तिथे फिल्मवर दिवे लागतात.

रिपोर्ट आला. आजार इतरत्र कुठेही नाही. ड्रायव्हरचा जीव भांड्यात पडला.

त्याची बायको शिवणकाम करायची. तिने फिल्म खिडकीकडे धरली. माणसांची मापं घेऊन घेऊन तयार झालेली नजर तिची. फिल्ममधला माणूस मांडीवरच संपला होता.

"डॉक्टर, यांचे पाय कुठायत?"

डॉक्टरांनी पुढची फाईल उघडली होती. "स्कॅन असाच असतो, काकू. मांडीपर्यंत."

"पण दुखणं टाचेला होतं."

"टाचेचं काढलं ना आपण?"

"पँटचं माप घेताना मी मांडीवर टेप सोडली, तर गिऱ्हाईक मला…"

नवऱ्याने टेबलाखालून तिचा हात दाबला. "गप. इथे दुकान मांडू नकोस."

डॉक्टर हसले. खोलीत तिघं होती, त्यातलं जे शहाणं होतं ते गप्प बसलं.

चार महिन्यांनी ड्रायव्हरच्या गुडघ्यामागे गाठ आली. "क्लच दाबून शीर चढली असेल," म्हणत त्याने आणखी तीन आठवडे गाडी हाकली. शेवटी तिनेच त्याला ओढत नेलं. या वेळी स्कॅनच्या खोलीबाहेर तिने टेक्निशियनलाच गाठलं. माणूस सरळ होता, त्याने जुना फॉर्म काढून दाखवला.

"यात नुसतं 'त्वचेचा कॅन्सर' लिहिलंय. कुठला, ते नाही. हातापायाचा असला तर डोक्यापासून नखापर्यंत काढावा लागतो. बाकीच्यांचा आम्ही मांडीपर्यंतच काढतो."

"पायाला एवढं बँडेज होतं, ते दिसलं नाही?"

"वर चादर असते, ताई."

म्हणजे एकाने लिहिलं नाही, दुसऱ्याने विचारलं नाही, आणि चादरीखालचं चादरीखालीच राहिलं. मशीनला काय बोल लावायचा? त्याला जेवढं दाखवलं तेवढं त्याने पाहिलं.

नवी फिल्म नखापर्यंत होती. पोटरीवर ठिपक्यांची रांग, गुडघ्यामागे एक मोठा, जांघेत दोन, फुप्फुसात तीन.

"आता इम्युनोथेरपी सुरू करू," डॉक्टर म्हणाले. "आणि पहिला रिपोर्ट चुकीचा नव्हता हं. जेवढं काढलं होतं, तेवढ्यात काही नव्हतंच."

या वेळी कोणी हसलं नाही.

बाहेर बाकावर ड्रायव्हर मोजा चढवत बसला होता. मोजा टाचेवर अडत होता.

"तुला तेव्हाच दिसलं होतं," तो खाली बघतच म्हणाला.

"हो."

"मग भांडली का नाहीस?"

हात कोणी दाबला होता, हे तिच्या जिभेच्या टोकावर आलं. तिने मोज्याशी झटापट करणाऱ्या त्याच्या बोटांकडे पाहिलं. मग खाली बसली आणि मोजा टाचेवरून अलगद वर घेतला.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

हॉस्पिटलची अख्खी इमारत पालथी घातली असती, तरी हे वाक्य दुसऱ्या कोणाच्या तोंडून निघालं नसतं.