कढीपत्त्याची कुंडी

माउंट रॉस्किलच्या मराठी मंडळींत जुईला जो काही मान होता, तो तिच्या कढीपत्त्यामुळे. खोटं कशाला बोला! ऑकलंडच्या थंडीत भल्याभल्यांची रोपं माना टाकतात, जुईचं झाड मात्र कमरेएवढं. पामर्स्टन नॉर्थला शिकत असताना बोटभर रोप मिळालं होतं. हिवाळाभर घरात ठेवून, पानं पुसून, तिने ते पोटच्या पोरासारखं वाढवलं. कुणाकडे बारसं असो की गणपती, डहाळी मागायला लोक तिच्याच दारात येत, आणि ती देई तेही जिवावर आल्यासारखी.

त्या रविवारी मात्र तिच्या डोक्यात झाड नव्हतं. नवरा, क्षितिज, दोन महिने घरी बसून होता. कंपनीने माणसं कमी केली, त्यात हा पहिल्या फटक्यात उडाला. व्हिसा नोकरीला बांधलेला. महिनाअखेर दुसरी मिळाली नाही तर गाशा गुंडाळून पुण्याला परत. आणि आज जेवायला येणार होते सुशीलदादा. त्यांची स्वतःची फर्म होती आणि तिथे एक जागा रिकामी होती. जुईने ओटाहुहूच्या बाजारातून अळूची पानं आणून सकाळपासून वड्यांचा घाट घातला होता.

दादांच्या बायकोने, सुरेखावहिनींनी, वड्या चापल्या आणि मग त्या हात पुसत घरभर फिरल्या.

"हा सोफा विकणार असाल ना गं? मायक्रोवेव्ह नको बाई, आमचा मोठाय."

जुई हसली. काय करते! अडला हरी.

शेवटी क्षितिजनेच विषय काढला. "दादा, ते तुमच्याकडच्या जागेचं काही..."

दादांनी बायकोकडे पाहिलं. उत्तर वहिनींनीच दिलं.

"हे बघ क्षितिज, ओळखीची माणसं कामावर घ्यायची नाहीत, असं मी यांना बजावून ठेवलंय. डोक्यावर बसतात. आणि खरं सांगू का, हा देश सगळ्यांनाच झेपतो असं नाही. जावं परत, त्यात लाज कसली?"

क्षितिजने मान खाली घातली. तीस वर्षांचा बाप्या, पण ताटावरून उठवलेल्या पोरासारखा दिसत होता. जुईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बरं, तो कढीपत्ता मात्र मी नेणार हं," वहिनी म्हणाल्या. "विमानात थोडाच नेऊ देणारेत तुम्हाला!"

"न्या की वहिनी," जुई म्हणाली. "थांबा, पाणी घालून देते. वाटेत सुकायला नको."

तिने कुंडी उचलून लाँड्रीत, कपडे धुवायच्या खोलीत, नेली, ओट्यावरची किटलीही आत नेली आणि दार लोटलं. चहासाठी ती नुकतीच उकळली होती. ती अख्खी तिने मुळांवर ओतली, सावकाश, चहूबाजूंनी. झाडाने काय घोडं मारलं होतं? काही नाही. पण तिला बरं वाटलं. फार बरं वाटलं. मग कुंडी पुसून, जाड पिशवीत घालून, तिने ओटी भरावी तशी वहिनींना दिली. डोळे भरून आले होते, ते तिने लपवलेही नाहीत.

पाहुण्यांची गाडी गेली. ताटं विसळून होतात न होतात तोच वहिनींचा फोन. क्षितिजने स्पीकरवर टाकला.

"जुई, अगं मी तुला ओळखलंच नव्हतं गं! इतक्या मायेने वाढवलेलं झाड कुणी असं हसत देतं का? डोळ्यांत पाणी होतं तुझ्या. मी यांना गाडीतच म्हटलं, ही माणसं वेगळी आहेत, या पोराला घ्या. उद्याच ये रे क्षितिज, ऑफिसात. कागद करून टाकू."

क्षितिजने जुईला गच्च मिठी मारली. त्याचे खांदे हलत होते. "वहिनी, कसे आभार मानू..."

"माझे नको, तिचे मान. मी मांडीवर घेऊन बसलेय बाळाला, कलंडायला नको म्हणून." वहिनी थांबल्या. "पण काय गं जुई, कुंडी खालून एवढी गरम कशी लागतेय?"

क्षितिजची मिठी अजून सुटली नव्हती.

"खिडकीतल्या उन्हात होती ना, वहिनी."

"ऊन?" पलीकडे गाडीचे वायपर खटखट वाजत होते. "आज?"