काजलच्या वाटेतला उंबरठा

मी एक जुना उंबरठा आहे, मित्रांनो, आणि माझी कहाणी सांगताना मला मान वर करवत नाही. जानेफळच्या एका शेतकरी घरात, स्वयंपाकघराच्या दारात, मी बेचाळीस वर्षं आडवा पडून होतो.

निवृत्ती सुतारांनी मला सागवानातून घडवलं आणि चांगलं चार बोटं उंच ठेवलं. "बाई, तुमच्या नातसुना येतीन, तरी हा उंबरा हालत नाही," असं ते मनकर्णाबाईंना म्हणाले. मनकर्णाबाई तेव्हा स्वतःच त्या घरातली नवी नवरी. त्या लाजल्या आणि मला गर्व चढला.

दर शुक्रवारी त्या मला पुसून हळदकुंकू वाहत. माझ्यावर कुणी बसलं की रागावत, पाय लागला की नमस्कार करायला लावत. त्या घरात चालायला शिकलेलं प्रत्येक पोर मला ओलांडायलाही शिकलं. हळूहळू पायांना इतकी सवय झाली की मी कुणाच्या नजरेतच येईनासा झालो. मला तोही मानच वाटायचा. केवढा मूर्ख मी!

मग त्यांचा मुलगा गणेश याची बायको, काजल, घरात आली. बोलकी, हसरी, आणि चहा करावा तर तिनेच. लग्नाला तीन वर्षं झाली आणि मेहकरच्या रस्त्यावर गाडी घसरली. काजलच्या पाठीच्या कण्याला मार बसला, कमरेखालचं अंग गेलं. दवाखान्यातून ती चाकांच्या खुर्चीवर घरी आली. सगळे तिला जागेवर ताट आणून देत. एके दिवशी ती गणेशला म्हणाली, "मले माह्या हातानं एक कप चहा तं करू द्या. पाहुनी समजता काय मले?"

गणेशला ते लागलं. सोयाबीन निघाल्यावर त्याने फोनवर बघून बघून, स्वतःच्या हातांनी स्वयंपाकघर नव्याने करायला घेतलं. उंच ओटा पाडून, खुर्चीत बसलेल्याचे गुडघे आत जातील असा बुटका ओटा बांधला. नळ पुढे घेतला, डबे हाताशी आणले. मापंही खुर्ची आत ठेवूनच घेतली. पण ती खुर्ची आत नेताना त्याने ती उचलली आणि पाय उंच टाकून माझ्यावरून नेली. पंधरा दिवस तो रिकामी खुर्ची अशीच उचलत राहिला. मध्ये मी आहे, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

नव्या ओट्यावर पहिल्यांदा दूध उतू घालायचं ठरलं. काजल नवी साडी नेसून खुर्ची ढकलत आली आणि चाकं माझ्यावर धडकून थांबली. धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

"माय, हा उंबरा काढा लागते," गणेश खाली बघत म्हणाला.

"काय पाह्यजे ते तोड, पण उंबऱ्याले हात लावू नको बाप्पा. घराची लक्ष्मी हाय ते," मनकर्णाबाई म्हणाल्या. "वाटलं तं फळ्या टाक."

माझ्या दोन्ही बाजूंना फळ्या पडल्या. त्यांचा चढ उभा होता, काजलचे दंड भरून यायचे. चहा मात्र ती रोज करू लागली.

आठव्या दिवशी ती सासूबाईंसाठी चहा घेऊन बाहेर येत होती. मांडीवर ताट, ताटात कप. फळी सरकली आणि खुर्ची माझ्यावरच उलटली. काजल जमिनीवर पडली, कडकडीत चहा तिच्या पायांवर सांडला. तिला पायांचं काही कळत नाही, मित्रांनो. ती फुटलेला कप गोळा करत राहिली आणि तिची कातडी लाल होत गेली.

मनकर्णाबाई धावत आल्या. घाईत त्यांचा पाय मला लागला. त्या थांबल्या, वाकल्या, मला हात लावून तो हात कपाळाला लावला. मग सुनेकडे वळल्या.

काजलने ते पाहिलं. "आई, आधी मले तं उचला," एवढंच ती म्हणाली.

बेचाळीस वर्षांत मला हजारो नमस्कार मिळाले. त्या एका नमस्काराने मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. गणेशने पायांवर थंड पाणी ओतलं आणि काजलला दवाखान्यात नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनकर्णाबाई पहार घेऊन माझ्यापुढे बसल्या.

"माय, सरक, मी काढतो," गणेश म्हणाला.

"नाही. मीच राहू दे म्हनलं होतं. मीच काढीन."

चौथ्या घावाला मी सुटलो. माझ्या जागी गणेशने सिमेंट घालून जमीन सपाट केली.

आठवड्याने काजलची खुर्ची आत गेली, तेव्हा चाकांचा आवाजसुद्धा झाला नाही. ती चहा घेऊन बाहेर आली. तिच्या पायांना अजून पट्ट्या होत्या. मनकर्णाबाईंना वर बघवेना.

"घ्या नं आई, थंडा होऊन राह्यला," काजल म्हणाली. त्यांनी कप घेतला, पण बराच वेळ ओठांना लावला नाही.

आता मी गोठ्याच्या भिंतीला टेकून उभा आहे. मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तू जरूर जपा. पण धावताना माझ्यासारख्याला पाय लागला, तर लागू द्या. पडलेल्या माणसाला आधी हात द्या. माझा नमस्कार राहिला तरी चालेल.