वर जाणारी लिफ्ट

बायको वारल्यावर हिचा भौतिकशास्त्राचा क्लास मुलीकडे आला. क्लास म्हणजे आमची बाहेरची खोली, एक फळा आणि सतरंज्या. मी शिंपी. आत बसून शिवायचो, त्यामुळे सगळं शिकवणं कानावर पडायचं. हिचा नियम एकच. उदाहरण वाचलं की आधी चित्र काढायचं, कोण कोणाला ढकलतंय त्याचे बाण काढायचे, मगच आकड्यांना हात लावायचा. कोणी थेट सूत्र लिहिलं की म्हणायची, "अहो साहेब, सूत्र कुठं पळून जात नाही."

लिफ्टचा धडा आला की ती मुलांना समोरच्या इमारतीत न्यायची. लिफ्टमध्ये वजनकाटा ठेवायची आणि त्यावर मला उभं करायची, कारण सगळ्यांत जड मीच. लिफ्ट वर निघाली की काटा पुढे सरकायचा. वरचा मजला जवळ येऊन लिफ्ट मंद व्हायला लागली की मागे. मुलं ओरडायची, "काका बारीक झाले!" ही म्हणायची, "तेवढ्यापुरतेच."

मग ही असतानाच मोठ्या रस्त्यावर झटपट युक्त्या शिकवणारा क्लास निघाला आणि आमच्या क्लासची मुलं तिकडे गेली. ही गेली, आणि त्या क्लासच्या मालकानं मुलीला नोकरीसाठी बोलावलं. आधी एक तास शिकवून दाखवायचा होता.

"आईसारखंच शिकवशील ना?" मी विचारलं.

"दुसरं येतंय काय मला?" ती म्हणाली. मला बरं वाटलं. ही गेल्यापासून पहिल्यांदाच.

मीही सोबत गेलो. मालक म्हणाले, "बसा काका, मागे बसा." स्वतः माझ्या शेजारी क्लासची पुस्तिका उघडून बसले. उदाहरण नेमकं लिफ्टचंच निघालं. लिफ्ट वर जातेय, पण मंद होतेय. आतल्या माणसाचं वजन काटा किती दाखवेल?

मुलीनं चौकोन काढला. त्यात माणूस काढला, चांगला पोट सुटलेला. मला हसू आलं.

"मॅडम, हा चित्रकलेचा तास नाही," मालक बसल्या जागेवरून म्हणाले. पोरं फिदीफिदी हसली. "वर तर बेरीज, खाली तर वजाबाकी. चला पुढे."

पहिल्या बाकावर आमच्याकडची जुनी विद्यार्थिनी होती. ती उठली. "पण ताई, लिफ्ट मंद होतेय ना? मग वजाबाकी."

"पुस्तिकेत बेरीज छापलीय," मालक म्हणाले. "परीक्षेत असा कीस पाडत बसलीस तर बाजूचा पुढे निघून जाईल. सांगा हिला, मॅडम."

मुलगी फळ्याकडे वळली. मग तिनं तो माणूस तळहातानं पुसला आणि बेरजेचं चिन्ह काढलं.

"सर म्हणतात तसंच लिहा."

त्या पोरीनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

नोकरी मिळाली. घरी येताना मी कोपऱ्यावर थांबलो.

"तुला माहीत होतं," मी म्हणालो.

"होतं."

"मग?"

"बाबा, आईलाही माहीत होतं. शेवटी कोण उरलं होतं तिच्याकडे? ती एक पोरगी. तीही फुकट यायची. आता तीसुद्धा तिथंच बसते."

"पुस्तिकेतली चूक तरी सांगशील ना त्यांना?"

"सांगेन. जरा रुळू दे मला."

"पोरं तोवर तेच पाठ करतील."

"करू देत," ती म्हणाली आणि पुढे चालायला लागली.

सकाळी ती बाहेरच्या खोलीत पुढच्या धड्याची तयारी करत होती. मी तिच्यासाठी चहा घेऊन निघालो. "ठोकळा उतारावर असो नाहीतर सपाटीवर," ती रिकाम्या खोलीला सांगत होती, "चित्र काढत बसू नका. थेट सूत्र लिहा." आवाज हुबेहूब हिचा. तोच ठसका, वाक्याच्या शेवटी तसंच थांबणं.

मी कप घेऊन तसाच परत फिरलो.