ग्रुपवर फक्त भाव

मोसंबीच्या बाजारभावाचा ग्रुप माझा, अन् नियमही माझाच: भावाशिवाय काहीच टाकायचं न्हाई. सकाळी-सकाळी फुलं पाठवणारे तिघं मी हाकललेत.

शुक्रवारी ग्रुपवर चतुराकाकूंचा आवाज आला. पुण्यातल्या पोराला पाठवायचा निरोप त्यांनी चुकून इकडं टाकला होता. "सोमेश्वरा, धपाटे केले रे. सवयीनं वीस झाले. आता एकटी किती खाऊ?"

माझं डोकंच सणकलं. तोंडावर सांगून काढावं म्हणून त्यांच्या घरी गेलो, तर दारात चपलांचा ढीग. अर्धा ग्रुप आत जेवून राह्यला होता.

"बद्री, तू बी आला का? बस, दही घे," काकू हसत म्हणाल्या.

मी पाच धपाटे खाल्ले. काढायचं राहूनच गेलं.

आता दर शुक्रवारी काकू बराबर चुकतात.

काल सोमेश्वरचा फोन आला. "बद्रीकाका, आईचे निरोप तुमच्याकडंच येतेत म्हणं. मला बी ग्रुपात घ्या ना. इथं एकटाच जेवतो."

त्याच्याकडं मोसंबीचं एक झाड न्हाई. तरी घेतला.

आल्या आल्या त्यानं विचारलं, "आज धपाट्याला काय भाव?"

बिलकुल नियमात बसत होतं.